शालिकभाऊजींचं यॉर्क

शालिकभाऊजी ‘मला माहीत नाही’ असं कधीच म्हणत नाहीत. ते माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. वरठीला स्टेशनसमोर त्यांचं चहाचं हॉटेल आहे. गाडीतून उतरलेला माणूस पहिला चहा तिथे पितो आणि पहिला पत्ताही तिथेच विचारतो. पत्ता माहीत असो वा नसो, भाऊजी हातातली गाळणी एका दिशेला रोखून सांगतात, “सिधा जा, मंग डाव्या हाताले.”

एकदा माझ्या गावी, आंधळगावला निघालेला साड्यांचा व्यापारी त्यांच्या सांगण्यावरून भलत्याच गावी पोचला. संध्याकाळी तो भांडायला आला. भाऊजींनी त्याला बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, “पन कुठं तरी पोचले ना?” मी नंतर बोललो तर मलाच म्हणाले, “मास्तर, मानसाले उत्तर पायजे असते. नाई मालूम म्हटलं का त्याचं थोबाड उतरते.”

त्यांची एकुलती एक मुलगी कल्पना इंग्लंडात यॉर्क शहरी नर्स आहे. तिने आई-बाबांना बोलावलं. ताईचे गुडघे विमानाला तयार होईनात, म्हणून तिने मला पुढे केलं. “तू जाय यायच्यासंगं. एकटे धाडले तं तिथल्या लोकायले रस्ते सांगत बसतीन.”

तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी हातात नकाशा धरलेल्या एका गोऱ्या जोडप्याने चुकून भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी लगेच हात वर केला. सिधा, मग डावीकडे. ती दोघं आभार मानून निघालीसुद्धा. मी मागे धावून त्यांना थांबवलं, पण मलाही रस्ता माहीत नव्हताच.

यॉर्कच्या जुन्या शहराभोवती दगडी तट आहे. त्यावरून चालता येतं. भाऊजी वर चढले, कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, “आपल्या पवनीचा किल्ला हाये ना, तसाच. फक्त यायनं झाडून ठेवला.” पुढे एका चिंचोळ्या गल्लीत दोन्ही बाजूंची लाकडी घरं एकमेकांवर वाकलेली. ती अशी का, असं मी विचारलं.

“समोरच्या बाईले साखर मांगाले बरं पडते.”

जेवायला ‘यॉर्कशायर पुडिंग’ मागवलं. पुडिंग म्हणून आम्ही गोडाच्या तयारीत होतो. आली ती फुगलेली खारी वाटी, आणि तिच्यात रस्सा. मग याला पुडिंग का म्हणतात?

“साखर सरली असन त्या दिवशी. नाव पयलेच पाटीवर लिवून झालं होतं.”

चहाच्या दुकानात मात्र ते गंभीर झाले. किटली आली, दुधाचं भांडं आलं, साखर आली. भाऊजींनी झाकण उचलून आत पाहिलं. “पत्ती अलग, दूध अलग, पानी अलग. यायनं चहा केलाच नाई, सामान आनून देलं.” तरी सोबतचे बन, लोणी-मुरंबा लावून, दोन खाल्ले. एका जुन्या पबमध्ये शिरताना छताच्या तुळईवर त्यांचं डोकं आपटलं. मी बियर घेतली, त्यांनी संत्र्याचा ज्यूस. कपाळ चोळत म्हणाले, “पिऊन उठनारा मानूस लवूनच चालते. म्हनून छत खाली.” कल्पना हसता हसता टेबलावर पडली.

एका संध्याकाळी आम्ही तिघं नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. बदकं काठाशी आली होती. कल्पना एकदम म्हणाली, “बाबा, मी इथंच राह्यली तं? कायमची?”

मी भाऊजींकडे पाहिलं. उत्तर येणार याची मला खात्री होती. ते नदीकडे बघत राहिले. एक नाव गेली, तिच्या लाटा काठाला लागल्या.

“मले नाई समजत, बेटा.”

कल्पना दचकली. “काही तं सांगा ना.”

“काय सांगू? हा रस्ता मी पाह्यलाच नाई.”

दुसऱ्या दिवसापासून भाऊजींनी उत्तरं देणं बंद केलं आणि विचारायला लागले. किल्ला नको, चर्च नको. भाजी कुठून आणते ते दाखव. दवाखान्याचं फाटक दाखव. रात्रपाळीहून येताना अंधार कुठे असतो? बस चुकली तर? “ताप आला तं कोन पाह्यते तुले?”

“मीच नर्स आहे ना बाबा.”

“नर्सले ताप नाई येत का?”

शेजारी एक एकटी म्हातारी राहत होती. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी मला कोपऱ्यात घेतलं. “मास्तर, माह्या पोरीवर ध्यान ठेवजा, याले इंग्रजीत काय म्हनतेत?” मी वाक्य शिकवलं. बॅगा भरताना, दात घासताना ते पुटपुटत होते.

सकाळी टॅक्सी दारात आली. कल्पना स्टेशनपर्यंत सोबत येणार होती. भाऊजी कुंपणापाशी गेले. म्हातारी बाहेर आली, आणि पाठ केलेलं सगळं वाक्य त्यांच्या डोक्यातून उडालं. त्यांनी हात जोडले. “माय, पोरगी एकटी हाये. तिचं पाहजा.”

म्हातारीला एक अक्षरही कळलं नाही. तिने भाऊजींचे जोडलेले हात पाहिले, मग टॅक्सीजवळ उभी असलेली कल्पना पाहिली. भाऊजींचे हात आपल्या हातांत धरून ती सावकाश काहीतरी बोलली. कल्पनाने तोंड फिरवलं.

टॅक्सी हलल्यावर भाऊजींनी मला विचारलं, “काय म्हनली थे?”

“म्हणाली, कल्पनाच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असते, माझी तिच्याकडे. दर रविवारी आम्ही सोबत जेवतो.”

त्यांनी माझं तोंड निरखून पाहिलं.

“खरंच म्हनली का मास्तर? का मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यले तुमी?”

“खरंच म्हणाली.”

पुढे बसलेल्या कल्पनाने मागे न वळता हात मागे केला. भाऊजींनी तो धरला आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.