मुठीतली फट

चष्मेवाल्यांच्या घरात हाताने घडवलेल्या बारा सुऱ्या होत्या आणि भाजी तेराव्या सुरीने चिरली जायची. ती तेरावी कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानातली, लाल प्लॅस्टिकच्या मुठीची. बाकीच्या बारा जणी बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात निळ्या मखमलीवर झोपून असत. त्यांतल्या एकीनेही जन्मात कांदा पाहिला नव्हता.

तसे चष्मेवाले गृहस्थ निरुपद्रवी. पंचवीस वर्षे चष्म्याचे दुकान चालवून त्यांच्या नजरेला एक खोड मात्र लागली होती. केसाएवढी चूकही त्यांच्यापासून लपत नसे. 'दुसऱ्याची', अशी दुरुस्ती त्यांची बायको करायची.

शनिवारी दुपारी टपालाने आणखी एक सुरी आली. कारागीर म्हातारा, महिन्याला दोनच सुऱ्या घडवणारा. त्यामुळे हिच्यासाठी त्यांनी अकरा महिने वाट पाहिली होती. पाते सुरेख होते. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पॉलिश असे की त्यात तोंड दिसावे. चष्मेवाल्यांनी तोंड पाहिले नाही. त्यांनी दुकानातले भिंग काढले आणि पाते जिथे मुठीत शिरते तिथे डोळा लावला. दहा मिनिटांनी त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

"आई, एक केस देता का?"

सासूबाई त्यांच्याकडेच राहत. तीस वर्षे इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होत्या, त्यामुळे विचित्र मागण्यांची त्यांना सवय होती. त्यांनी एक पांढरा केस उपटून दिला.

"फट मोजायचीय," चष्मेवाल्यांनी खुलासा केला.

केस फटीत गेला. नुसता गेला नाही, आत जाऊन बाहेरही आला. चष्मेवाल्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तडक कारागिराला फोन लावला.

"मुठीत फट आहे."

"केवढी?"

"केस जातो."

"मग केस घालू नका," कारागीर म्हणाला. "अहो, लाकूड आहे ते. हवा बदलली की अंग चोरतं. रोज वापरा. हाताची ऊब लागली, थोडं तेल लागलं, की बसेल जाग्यावर."

"वापरू?" चष्मेवाल्यांना हा उपाय आजारापेक्षा भयंकर वाटला. त्यांनी फोन ठेवला आणि फट स्वतःच बुजवायची ठरवली. लाकडाचा भुसा भरायचा, वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे दोन थेंब सोडायचे. इतके सोपे.

पण दुसरा दिवस रविवार होता, आणि त्या रविवारी घरात चौदा माणसे जेवायला येणार होती.

त्याचे असे झाले होते, की पंधरा दिवसांपूर्वी चष्मेवाल्यांच्या बायकोला शाळेत मुख्याध्यापिका केले होते. ती खुर्ची आपलीच, असे गणिताचे सर नऊ वर्षे धरून चालले होते, आणि नुसते सरच नव्हे, सगळी शाळाच. तेव्हापासून सर बाईंशी एक अक्षर बोलले नव्हते. बाई समोरून आल्या की ते भिंतीवरचा नकाशा बघत. निम्मे शिक्षक त्यांच्या बाजूचे. म्हणून बाईंनी सगळ्यांना घरी जेवायला बोलावले होते. सरांना तर तीनदा जाऊन सांगितले. तिसऱ्या वेळी ते "बघू" म्हणाले, तेही नकाशाला.

सकाळी नऊला बाई शाळेतून खुर्च्या आणि मोठी पातेली आणायला निघाल्या. जाताना त्यांनी नवऱ्याला ओट्यापाशी उभे केले.

"ह्या काकड्या, ही गाजरं, हा कोबी, आणि हे दोन किलो कांदे. मी साडेबाराला येते. आल्याबरोबर फोडणी टाकायचीय, तोवर सगळं चिरून हवं. आणि अहो, आजच्या दिवस त्या कपाटाकडे फिरकू नका."

"नाही फिरकणार."

त्यांनी शब्द पाळला. नवी सुरी कपाटात नव्हतीच. ती टेबलावर होती.

भुसा भरून झाला. गोंदाच्या नळीचे तोंड बसले होते, म्हणून चष्मेवाल्यांनी त्यात टाचणी खुपसली. काही झाले नाही. त्यांनी नळी दाबली. तरी काही नाही. मग त्यांनी दात-ओठ खाऊन दाबली, तशी ती तोंडाकडून न उघडता बुडातून फुटली. गोंद मुठीवर ओघळला, सुरी टेबलाच्या कडेकडे घसरली, आणि पडणारी सुरी कधी झेलू नये हे बारा सुऱ्यांच्या मालकाला ठाऊक असूनही त्यांनी ती झेलली. बरोब्बर मुठीत झेलली. एवढे एकच नशीब.

'आठ सेकंदांत पक्के', असे नळीवर लिहिले होते. जाहिरातीतले एखादे वाक्य शब्दशः खरे ठरल्याचा चष्मेवाल्यांचा हा पहिलाच अनुभव.

"आई," त्यांनी हाक मारली.

सासूबाई आल्या. त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. तळवा आणि चार बोटे मुठीला घट्ट. अंगठा तेवढा हलत होता.

"एवढंच ना. ओढू नका, कातडी जाईल. कोमट पाण्यात साबण कालवते, त्यात हात बुडवून बसा तासभर."

"पाण्यात?" चष्मेवाले दचकले. "लाकूड फुगेल!"

"मग नखांचं पॉलिश काढायचं औषध आणते शेजारून. पाच मिनिटांत सुटेल."

"मुठीचं पॉलिश जाईल ना हो!"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिले. ऑपरेशनच्या खोलीत त्यांनी अनेक माणसे पाहिली होती, पण 'हात राहू दे, चाकू वाचवा' असे म्हणणारा पहिलाच.

"मग काय, जन्मभर अशीच घेऊन हिंडणार?"

शेवटी पुन्हा कारागिराला फोन लागला. सासूबाईंनी तो जावयाच्या कानाला धरला. सगळी हकिकत सांगून झाली. पलीकडून खोकल्यासारखे काहीतरी ऐकू आले.

"खायचं तेल लावा," कारागीर म्हणाला. "मधूनमधून सोडत राहा. दोन-अडीच तासांत सुटेल. मुठीला उलट चांगलंच."

मुठीला चांगले म्हटल्यावर प्रश्नच मिटला. सासूबाईंनी वाटीभर तेल आणले आणि चमच्याने बोटांच्या सांध्यांत सोडायला लागल्या.

"हे कुणाला कळता कामा नये हं, आई," चष्मेवाले म्हणाले. "आज तर नाहीच."

"झाकली मूठ," सासूबाई म्हणाल्या.

एवढ्यात दाराची घंटी वाजली. साडेदहा झाले होते. पाहुणे यायला अजून अडीच तास होते. चष्मेवाल्यांनी डाव्या हाताने दार उघडले. उजवा हात अर्थातच बरोबर आला.

दारात गणिताचे सर उभे होते. त्यांनी आधी सुरी पाहिली, मग तिच्यावरून खाली ठिबकणारे तेल पाहिले, आणि मग चष्मेवाल्यांचा चेहरा.

"बाई आहेत?"

"नाहीत. या ना आत. बसा." गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवायची पंचवीस वर्षांची सवय, चष्मेवाल्यांनी उजव्या हातानेच खुर्ची दाखवली. पात्याचे टोक सरांच्या पोटासमोरून गेले आणि खुर्चीवर थांबले.

सर बसले.

"मी खरं म्हणजे बसायला आलो नव्हतो." त्यांनी खिशातून एक लांबट पाकीट काढले. "जेवायला काही जमणार नाही. आणि हे एवढं बाईंना द्या. बदलीचा अर्ज आहे. मी वरच्या ऑफिसला पाठवतोय, ही त्यांची प्रत."

पाकीट घ्यायला चष्मेवाल्यांनी हात पुढे केला, सुरी पाहिली आणि मागे घेतला. पाकीट हवेतच राहिले.

"तिलाच द्या," ते घाईघाईने म्हणाले. "ती येईलच. आणि जेवल्याशिवाय जायचं नाही हं, सर. मी जाऊच देणार नाही."

सरांनी पुन्हा एकदा सुरीकडे पाहिले. "बरं, थांबतो."

सासूबाई जावयाला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कुजबुजल्या, "माणूस घाबरलाय. राहू दे तसाच, सुरी खाली ठेवू नका."

"ठेवू कशी?"

"तेही खरंच."

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांचे लक्ष ओट्याकडे गेले. एकही काकडी जागची हलली नव्हती. दोन किलो कांदे टोपलीत बसून त्यांची वाट पाहत होते. साडेबाराला बायको येणार. हातात सुरी होती, हे खरे. पण ती खाली ठेवल्याशिवाय सोलणार कसे?

"सर," त्यांनी बाहेर डोकावून विचारले, "काकडी सोलता येते?"

"येते," सर म्हणाले आणि बाह्या दुमडत आत आले.

अशा रीतीने त्या नव्या सुरीने भाजी पाहिली. सर सोलत आणि पुढे धरत, चष्मेवाले कापत. पाते काकडीतून असे जाई, जणू काकडी त्याची वाटच पाहत होती. चष्मेवाल्यांना आश्चर्य वाटले. ही वस्तू कापते, हे त्यांना माहीत होते, पण ते ऐकीव.

"सुरी उत्तम आहे," सर म्हणाले.

"पातं उत्तम. पण मुठीत फट आहे हो. केस जातो."

"कुठाय?"

"अंगठ्याच्या अलीकडे, बोटाखाली."

"बघू. बोट काढा."

"सध्या नको," चष्मेवाले म्हणाले.

"बरं," सर म्हणाले.

मग त्या न दिसणाऱ्या मुठीबद्दल चष्मेवाले पाऊण तास बोलले. अक्रोडाचे लाकूड कसे, शिसवीचे कसे, खिळा दिसावा की लपावा, कुठल्या सुरीला किती अंश तिरकी मूठ. मधूनमधून सासूबाई येऊन त्यांच्या बोटांवर चमचाभर तेल सोडून जात. सरांनी त्याबद्दल काही विचारले नाही. त्यांनी फक्त एकदा गाजराचा तुकडा उचलून उजेडात धरला.

"हा जाड झाला."

"किती?"

"दीड मिलिमीटर तरी."

चष्मेवाल्यांनी तुकडा डोळ्यांजवळ नेला. "सव्वा."

"सव्वा," सरांनी मान्य केले. त्यानंतर दोघांचे चांगले जमले. कोबी तर त्यांनी इतका एकसारखा चिरला, की सासूबाईंना तो भांड्यात ढकलवेना.

कांद्यांनी मात्र घात केला. तिसऱ्याच कांद्याला चष्मेवाल्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. डावा हात कांद्यात बरबटलेला. सवयीने उजवा हात डोळ्याकडे निघाला, सुरीसकट. सरांनी झटक्यात मनगट धरले.

"हात खाली!" ते अशा आवाजात म्हणाले, की सासूबाईंनीही चमचा खाली ठेवला. मग सरांनी आपला रुमाल काढला, चष्मेवाल्यांचा चष्मा उतरवला, एक डोळा पुसला, दुसरा पुसला आणि चष्मा परत नाकावर बसवला. "हं. चिरा आता."

सव्वाबाराला शेवटचा कांदा संपला. साले ओट्यावर पसरली होती. ती भरायला कागद मिळेना. सरांनी इकडेतिकडे पाहिले, खिशातले लांबट पाकीट काढले, फाडून सपाट केले आणि आतल्या कागदासकट त्यावर साले गोळा करून केराच्या डब्यात टाकली. सासूबाई ते बघत होत्या. त्यांनी सरांना चहा टाकला.

बाई खुर्च्या घेऊन आल्या तेव्हा गणिताचे सर त्यांच्या स्वयंपाकघरात कमरेला टॉवेल गुंडाळून चहा पीत होते. चार पातेल्यांत भाज्या मापाने चिरून ठेवल्या होत्या.

"बाई," सर उभे राहिले. पंधरा दिवसांत बाईंकडे बघून बोललेला त्यांचा हा पहिलाच शब्द. "फोडणी टाका. उशीर होतोय."

नेमक्या त्याच क्षणी चष्मेवाल्यांची करंगळी सुटली. मग एकेक बोट सुटत गेले आणि सुरी अलगद कोबीत पडली. त्यांनी ती उचलून मुठीवर डोळा लावला. फट गेली होती! तेल पिऊन भुशासकट लाकूड फुगले होते आणि नीट जागेवर बसले होते. फक्त पॉलिशवर त्यांच्या चार बोटांचे आणि तळव्याचे ठसे उमटले होते, रेषांसकट. सरकारी कागदावर चालावेत असे.

जेवण झकास झाले. सर बाईंच्या शेजारी बसले आणि त्यांनी भात दोनदा घेतला. ते बघून त्यांच्या बाजूच्या शिक्षकांनीही दोनदा घेतला. निघताना सरांनी चष्मेवाल्यांना दारापाशी बाजूला घेतले.

"हात कसा आहे? कातडी निघाली नाही ना?"

चष्मेवाले गोरेमोरे झाले. "तुम्हाला... कळलं होतं?"

"दारातच. एकतीस वर्षं शाळेत आहे मी. बाकांना चिकटलेली किती पोरं सोडवली असतील."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत नव्हतात." सरांनी चपला घातल्या. "एक सांगतो. चारशे पोरं, चौदा शिक्षक. बाईंना हे झेपेल का, अशी मला मनापासून शंका होती. आज इथे दोन तास काढले, आणि शंका पार मिटली."

ते जिना उतरून गेले. चष्मेवाले लगबगीने स्वयंपाकघरात आले. बायको आणि सासूबाई भांडी आवरत होत्या.

"अगं, सरांचं मन साफ झालं! म्हणाले, तुला शाळा झेपेल की नाही ही शंका होती, ती पार मिटली."

"कशी काय?"

"माझ्याबरोबर दोन तास काढून. त्यांनीच सांगितलं."

बाईंनी आईकडे पाहिले. आईंनी तोंडाला पदर लावला आणि कपाटातली पातेली उगाच पुन्हा रचायला घेतली.

"खरं आहे हो," बाई म्हणाल्या. आवाज शक्य तितका स्थिर होता. "हे तुमच्यामुळेच झालं."

"त्यात काय एवढं," चष्मेवाले नम्रपणे म्हणाले.