व्याह्यांसमोर भरलेली उसण

घड्याळजी सकाळपासून आरशासमोर हसून बघत होते.

"बाबा, एवढे दात नको," लेक म्हणाली. "दाढ दाखवायला आल्यासारखे दिसताय."

लेकीने परदेशी मुलगा पसंत केला होता. मुलगा गुणी होता, मोडकंतोडकं मराठी बोलायलाही शिकला होता. पण आज त्याचे आईवडील पहिल्यांदाच घरी येणार होते, आणि त्यांना इथलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानात डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या घड्याळजींची आपल्याच भाषेत त-त-प-प व्हायची. आपल्या हातून काही चुकलं आणि पोरीचं जमलेलं फिसकटलं तर, या धास्तीने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"बोलायचंच नाही मुळी," लेकीने धीर दिला. "ताठ उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं, हसायचं. बाकी मी सांभाळते."

"ताठ? तुझे बाबा?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्या चपला बघतायत ते."

तेवढ्यात बेल वाजली. दार उघडलं. व्याही चांगले धिप्पाड होते, मागे विहीणबाई आणि मुलगा. घड्याळजी खरोखरच ताठ उभे राहिले, हसले, आणि नेमकं त्यांना दिसलं की पायपुसणं तिरकं झालंय. तिरके काटे सरळ करण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते बघवेना. ते पायपुसणं सरळ करायला वाकले, आणि कमरेत अशी उसण भरली की वर येणंच बंद झालं.

व्याह्यांचाही चेहरा धास्तावलेलाच होता. त्या घरचे करतील तसं करा, एवढंच मुलाने त्यांना बजावलं होतं. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि तेही कमरेत वाकले. विहीणबाई वाकल्या. मुलगा क्षणभर गोंधळला, आणि उगाच विषाची परीक्षा कशाला, म्हणून तोही वाकला.

"बाबा, उठा ना!" लेक दातओठ खात कुजबुजली. "तुम्ही उठल्याशिवाय ते उठायचे नाहीत!"

"उठवत नाही गं!"

"आता मी काय सांगू त्यांना?"

"सांगू नकोस काही, वाक तूपण," आई हातातल्या ट्रेसकट वाकत म्हणाली. "एकटीच उभी राहिलीस, किती उद्धट दिसतंय!"

लेकही वाकली. मग व्याह्यांच्या तोंडून एक लांबलचक कण्हणं निघालं आणि त्यांचा हात कमरेवर गेला.

ते कण्हणं घड्याळजींच्या रोजच्या ओळखीचं होतं. त्यांनी मान वळवली, व्याह्यांनीही वळवली, आणि तशाच अवघडलेल्या अवस्थेत दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं. घड्याळजींनी आपल्या कमरेकडे बोट दाखवून तोंड वेंगाडलं. व्याह्यांच्या मिशा थरथरल्या. पुढच्या क्षणी दोघंही खो खो हसत सुटले. हसलं की कळ यायची, आणि कळ आली की आणखी हसू.

पुढचा तासभर दोघं सतरंजीवर शेजारीशेजारी पडून होते. गरम पाण्याची एकच पिशवी या कमरेकडून त्या कमरेकडे जात होती. गुडघे पोटाशी कसे घ्यायचे ते घड्याळजींनी करून दाखवलं, टाच कुठे दाबायची ते व्याह्यांनी. निघताना व्याह्यांनी त्यांचा हात कितीतरी वेळ सोडला नाही. घड्याळजींच्या छातीवरचं मणामणाचं ओझं उतरलं, आणि त्या रात्री ते घोरले.

लग्न ठरलं. वाकताना उसण भरली होती हे सगळ्यांना कळलं होतंच; पण वाकणं ही इथली रीत नव्हे, हे सांगायचं मात्र राहूनच गेलं. कसं सांगणार?

पुढे घड्याळजी व्याह्यांकडे गेले, ते कमरेला पट्टा आवळून, अगदी ताठ. दार उघडलं. आत व्याही, विहीणबाई, काका, आत्या आणि काठी टेकलेली आजीसुद्धा, सगळे ओळीने कमरेत वाकून वाट बघत उभे होते.

"बाबा," लेक लाजेने लाल होत पुटपुटली, "आता तरी सांगू का?"

"खबरदार!" घड्याळजी म्हणाले आणि सावकाश, प्रेमाने वाकले.

वाकल्यावर त्यांना दिसलं, दाराशेजारच्या सतरंजीवर गरम पाण्याच्या दोन पिशव्या तयार ठेवल्या होत्या.