संदर्भ मागणारी विमलमावशी

आमच्या दिल्लीतल्या मराठी ग्रुपवर आता सकाळचे सुविचार येत नाहीत. याचं श्रेय विमलमावशीला. कुणी एखाद्या संताच्या नावावर काही खपवलं की मावशीचा प्रश्न हजर: "संदर्भ? कुठली प्रत, कितवं पान?" पाठवणारे थकले आणि संतही गप्प झाले.

मावशी माझ्या आईची मैत्रीण. एका मंत्रालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झाली आणि आता आर. के. पुरमला भाचीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहते. भाजीवाला म्हणाला, "मेथी बिल्कुल ताज़ी है, माताजी," की ही विचारणार, "तोड़ते हुए किसने देखा?" हल्ली तो मेथीबद्दल मतच देत नाही, नुसता भाव सांगतो.

मी मुनिरकाला राहते आणि एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते. या वेळचं पत्रक चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांवर होतं. ऑफिसचं गेट, हॉस्टेलची हजेरी, म्हाताऱ्यांचं पेन्शन, जिथे तिथे थोबाड दाखवा आणि आपण आपणच आहोत हे सिद्ध करा. आम्हाला विचारलं होतं कुणी? शनिवारच्या सभेत पत्रक वाटायचं होतं. पार्श्वभूमीला भक्कम संदर्भ हवेत म्हणून मावशीकडे गेले आणि अडकले.

पहिलीच ओळ होती, 'यंत्राला माणूस ओळखता येत नाही!' मावशीने पेन्सिलीने उद्गारचिन्ह खोडलं.

"कुठलं यंत्र? कुठला माणूस?"

"सगळ्यांना माहितीये यार, मावशी."

"हे 'सगळे' कुठल्या कपाटात ठेवलेत?"

मी बातम्यांची कात्रणं पुढे केली. तिने ती उलट सरकवली. "बातमी म्हणजे संदर्भ नव्हे, संदर्भाचा पत्ता. त्या पत्त्यावर जा. मूळ आदेश वाच. यंत्र विकणारा माहितीपत्रकात काय लपवतो ते बघ. आणि ज्याला यंत्राने अडवलं त्याच्याशी स्वतः बोल. एक तरी पडताळलेली चूक आण, मग छाप."

चूक तिच्याच घरात निघाली.

एका आदेशाचा फोटो तिच्या फोनमध्ये होता. तो शोधायला सांगून ती चहा करायला गेली. फोनने चेहरे ओळखून माणसागणिक अल्बम लावले होते. एकावर नाव होतं 'सुमन'. सुमन म्हणजे मावशीची धाकटी बहीण, भाचीची आई. गेल्या वर्षी वारली. त्या अल्बममधला शेवटचा फोटो कालचा होता, आणि त्यात बाल्कनीत उभी होती विमलमावशी. त्याआधीच्या कितीतरी फोटोंतही तीच.

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात धावले. "मिळाला पुरावा. तुझ्याच फोनने तुला मेलेल्या बहिणीत टाकलंय. पत्रकात पहिलं उदाहरण हेच. थांब, आधी दुरुस्त करते."

मावशीने गॅस बारीक केला, हात पुसले आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"फोनची चूक नाहीये. त्याने विचारलं होतं, या दोघी एकच का. मीच हो म्हटलं."

"तू?"

"तिचा अल्बम तिथेच थांबला होता गं." मग चहात साखर घालत म्हणाली, "हे छापू नकोस."

मावशी विनवणी करते हे मला माहीत नव्हतं. शनिवारच्या पत्रकासाठी दुसरं उदाहरण शोधायला लागणार होतं. मी बरं म्हटलं.

चहा झाल्यावर तिने फोन पुन्हा माझ्याकडे दिला आणि केस सारखे केले. "एक फोटो काढ बरं."

मी काढला. तिने चष्मा वर करून पाहिला.

"असं नको. सुमन हसायची फोटोत."

मी दुसरा काढला.