बोटभर जागेपायीं करवंदवाडी गेली तिची हकीकत

श्रीचरणीं माथा ठेवून, जैसें जालें तैसें लिहितों. शके सोळाशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरे, वैशाखमासीं आमचे आणि शेजारचे उभय राज्यांत शिवेचा कज्जा पडला. त्या मुलखीं रीत ऐसी कीं, कोंबडा आरवतां दोहींकडील जासूद आपापले राजधानीहून धांवत निघावे आणि जेथें गांठ पडेल तेथें शिवेचा धोंडा रोवावा. आमचा जासूद सटवोजी, पळण्यांत वस्ताद. आणि त्याचें घर करवंदवाडीस, नेमकें वादाचे मुलखांत. त्यानें वाडी ओलांडली तर वाडी आमची, नाहीं तर त्यांची. मग महाराज संतोषून बोलिले, "यास नवे जोडे करून देणें." आणि माप घ्यावें तों कारभारी गरजले, "चाकराचा पाय धन्याचे पायाहून थोर? लोक काय म्हणतील!" मग महाराजांचेच पायाचें माप घेऊन जोडे सिद्ध केले. महाराजांचा पाय नाजूक, सटवोजीचा फताडा. कर्म आमचें! भर दरबारीं जोडे चढविले, बोटें आंत मुडपलीं, आणि महाराजांनीं पुसिलें, "बसले कीं नीट?" सटवोजी मुजरा करून बोलिला, "उत्तम बसले, महाराज." त्याची बाईल गोजराबाई दरबाराबाहेर निरोपास आली होती. तिनें जोडा दाबून पाहिला आणि म्हणाली, "अहो, पुढें बोटभरहि जागा नाहीं. धांवतां पाय सुजतो, मग काय कराल? आपले जुनेच घाला." तो बोलिला, "सरकारचा मान पायांत आहे, काढूं कसा?" "मान घाला चुलींत!" ऐसें बोलून ती वाडीस परतली.

मग कोंबडा आरवला आणि सटवोजी सुटला, पहिले टेकडीपावेतों काय तो वेग! मग उतार लागला आणि बोटें पुढें आदळूं लागलीं, नखें काळीं पडलीं, टांचा सोलल्या, आणि ऊन तापलें तैसा पाय ऐसा सुजला कीं जोडा काढूं म्हणतां निघेना. पलीकडील जासूद जुन्या सैल जोड्यांत दुडक्या चालीनें करवंदवाडी मागें टाकून आला, आणि गांठ पडली ती वाडीचे अलीकडेच. त्यानेंच बिचाऱ्यानें खालीं बसून जोडा कापिला आणि याचा पाय सोडविला. तेथेंच धोंडा रोविला. वर्तमान कळतां महाराज घोडा दौडवीत आले आणि कष्टी होऊन बोलिले, "अरे, बोलिला कां नाहींस?" सटवोजी रडत म्हणाला, "महाराज कौतुकानें पाहत होते. मन मोडवेना." सांजेस सटवोजी लंगडत घरीं निघाला, तों धोंड्यापाशीं परका पाहारेकरी उभा. "कोणाकडे जाणें?" "माझे घरीं." "परवाना दाखीव." पलीकडे गोजराबाई ऊन पाण्याचें घंगाळ घेऊन उभी होती, आणि पाणी निवेपर्यंत दोघें एकमेकांकडे पाहत राहिलीं.

ऐसी करवंदवाडी गेली. फौज हरली नाहीं, कोणी फितूर जालें नाहीं. जोडा लहान आहे, इतुकें एकानें महाराजांस म्हणावें, तें म्हटलें नाहीं. फार वाईट जालें.