नवव्या मजल्याचं बटण

"अहो बाई, थांबा! पुढे पाऊल टाकू नका!" तपासनीस टीव्हीकडे बघून इतक्या जोरात ओरडले, की स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नीच्या हातातला डबा खाली पडला.

पाऊल टाकणारी बाई परिचारिका होती आणि एका अवकाशस्थानकावर राहत होती. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, आत लिफ्ट नव्हतीच, आणि ती फाइल छातीशी धरून शांतपणे त्या पोकळीत चालत गेली. दोन मिनिटांनी ती त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा उगवली, तशीच चालत आली आणि पुन्हा पडली. तपासनीस मोजत होते. ही सातवी वेळ होती.

"कोण मेलं?" पत्नीने दारातून विचारलं.

"ही! सकाळपासून सात वेळा मेली. कोणाला आहे का त्याचं काही?"

पत्नीने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि सांडलेली साखर भरायला ती आत गेली.

तपासनिसांनी आयुष्याची बत्तीस वर्षं लिफ्ट तपासण्यात घालवली होती. सरकारी खात्यातून निवृत्त होऊन वर्ष झालं, तरी सगळे त्यांना तपासनीसच म्हणत. लग्नाला बोलावलं तरी हा माणूस आधी सभागृहाच्या लिफ्टचं प्रमाणपत्र वाचणार आणि त्याची मुदत संपलेली असली तर यजमानाला गाठून चार शब्द सुनावणार, मगच शुभेच्छा देणार. राग त्यांच्या नाकावर नसे. तो कायम चष्म्यासारखा डोळ्यांवरच चढवलेला असे.

पडद्यावर चालू होता तो खेळ त्यांच्या सुनेच्या कंपनीचा. तिने आणि तिच्या अकरा सहकाऱ्यांनी चार वर्षं खपून तो उभा केला होता. नाव 'सहस्रसूर्य'. हजार ग्रह, प्रत्येक ग्रहाची हवा वेगळी, माणसांना आपापले स्वभाव, आणि खेळणाऱ्याने वाटेल तिकडे जावं, वाटेल ते करावं. ऐकायला सगळं भव्य, पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा अशातली गत. एका ग्रहावर पाऊस घरांच्या आतच पडत होता. दुसऱ्यावर एक दुकानदार कमरेपर्यंत भिंतीत रुतला होता आणि तिथूनच हसतमुखाने धंदा करत होता. तपासनिसांनी हे सगळं पोटात घातलं होतं, कारण पाऊस आणि भिंती हे त्यांचं खातं नव्हतं. लिफ्ट होतं.

दोन दिवसांपूर्वी सूनच म्हणाली होती, "बाबा, आमचा बघून बघून चोथा झालाय. तुम्ही साध्या माणसासारखे खेळा आणि काय वाटतं ते सांगा. फक्त एक लक्षात ठेवा, तपासणीसाठी आमचं सगळ्यांचं जग एकच आहे. तुम्ही जे कराल ते ऑफिसातही दिसेल."

आणि आज दुपारी चार वाजता वितरक येणार होते. त्यांना आवडला तर खेळ पुढच्या महिन्यात बाजारात, नाही आवडला तर चार वर्षं पाण्यात आणि कंपनीला कुलूप. सकाळी सून न खाताच निघाली होती. एरवी ती जिना उतरताना गुणगुणायची. आज तिच्या पायांचाही आवाज आला नव्हता.

तपासनिसांनी कर्तव्य म्हणून रीतसर तक्रार लिहून पाठवली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडते, लिफ्ट येत नाही, जीवितास धोका. पाचव्या मिनिटाला सुनेच्या ऑफिसातल्या दाढीवाल्याचं उत्तर आलं: "माहीत आहे. किरकोळ. नंतर बघू."

तपासनिसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "किरकोळ? मजल्यावर जमीन नाही आणि हा म्हणतो किरकोळ! माहीत आहे म्हणे! माहीत असून गप्प बसलेत, म्हणजे तर गुन्हाच झाला!"

"अहो, खेळ आहे तो," पत्नी म्हणाली.

"खेळ असेल बाकीचा. लिफ्ट ही लिफ्टच असते!"

धोकादायक लिफ्ट दिसली की जागच्या जागी बंद करायची, एवढं एकच त्यांना ठाऊक होतं. सील आणि लाख जवळ नव्हती. पण स्थानकाच्या धक्क्यावर मालाची खोकी पडलेली होती, आणि या खेळाची मोठी फुशारकीच ही होती, की ठेवलेली वस्तू तिथून हलत नाही. तपासनिसांनी एकेक खोकं उचललं आणि लिफ्टच्या प्रत्येक दारासमोर रचलं. दीड तास ते खोकी वाहत होते.

"घरातली गादी उलटायची म्हटलं की तुमची कंबर धरते," पत्नी म्हणाली. त्यांनी पुढचं खोकं उचललं.

बासष्टावं खोकं बसलं आणि लिफ्ट बंद झाली. परिचारिका आली, खोक्यांसमोर थांबली. पडली नाही. तिच्यामागे एक सैनिक येऊन उभा राहिला, त्याच्यामागे दोन व्यापारी, मग भालदार-चोपदारांसह खुद्द प्रधानमंत्री. सगळे निमूटपणे रांगेत. तपासनिसांना बऱ्याच महिन्यांनी आपण उपयोगी पडल्यासारखं वाटलं आणि ते समाधानाने जेवायला बसले.

अडीच वाजता सुनेचा फोन आला.

"बाबा, लिफ्टसमोर खोकी तुम्ही ठेवलीत?"

"मीच ठेवली."

"बाबा, प्रधानमंत्री सातव्या मजल्यावर पोचत नाहीयेत!"

"मग?"

"मग युद्ध सुरू होत नाहीये!"

"बरं झालं की!"

"बरं काय, बाबा? त्या युद्धावर तर अख्खी गोष्ट उभी आहे! चार वाजता पाहुणे येऊन बघणार काय? रांग?"

"मग काढा ना तुम्हीच ती खोकी. बारा जण आहात."

"नाही निघत! ज्याने वस्तू ठेवली तोच ती उचलू शकतो. हे जमवायला आम्हाला दीड वर्ष लागलंय." तिचा आवाज कापत होता. "प्लीज बाबा, काढा ना."

तपासनीस क्षणभर विरघळले. तेवढ्यात फोन कंपनीच्या मालकाने घेतला आणि त्याने नको तेच वाक्य उच्चारलं. "काका, एवढं काय मनावर घेताय? कोणी खरं मरत नाहीये."

"तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमचं खातं काढावं लागलं!" तपासनीस कडाडले. "दोन दोष आहेत, लिहून घ्या. तिसऱ्या मजल्याचं दार. आणि नवव्या मजल्याचं बटण दाबलं तर चालत नाही. बटण बसवलंय म्हणजे ते चाललंच पाहिजे. दोन्ही दुरुस्त करा, मी तपासतो, मग खोकी निघतील."

मागून सुनेचा आवाज आला, "बाबा, नऊचं राहू दे, त्याचं कारण–"

"दोन्ही करतो, काका, दोन्ही!" मालक घाईघाईने म्हणाला आणि फोन बंद झाला.

जे चार महिन्यांत झालं नव्हतं ते दाढीवाल्याने चाळीस मिनिटांत केलं. तपासनिसांनी खोकी हलवायला सुरुवात केली. परिचारिका सुखरूप लिफ्टमध्ये शिरली आणि सुखरूप बाहेर पडली. मग ती आपल्या दवाखान्यात जाऊन नुसतीच उभी राहिली; इथवर ती कधी पोचेल असं कोणाला वाटलंच नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. तपासनिसांचा ऊर भरून आला. शेवटचं खोकं हललं तेव्हा चाराला पाच मिनिटं कमी होती. आता नियमाप्रमाणे शेवटचं बटण. त्यांनी नऊ दाबलं.

लिफ्ट झोकात वर गेली. दार उघडलं. बाहेर काही नव्हतं. अवकाश नव्हतं, अंधारही नव्हता. कोऱ्या कागदासारखं पांढरंफटक, आणि मधोमध एका पाटीवर लिहिलेलं: "इथे काहीतरी करायचं आहे."

त्यांनी फोन लावला. सून कुजबुजतच बोलली.

"नऊवर काही नाहीये," तपासनीस म्हणाले.

"माहितेय, बाबा. बाहेर पाऊल टाकू नका. टाकलं की सगळ्यांचाच खेळ बंद पडतो. तो मजला करणारा माणूस अर्ध्यातून नोकरी सोडून गेला. आम्हाला वेळच मिळाला नाही. म्हणून ते बटण मी मुद्दाम बंद ठेवलं होतं."

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. अख्ख्या स्थानकात एकच गोष्ट कोणीतरी विचार करून केली होती, ती त्यांच्या सुनेने. आणि नेमकी तीच त्यांनी नियम दाखवून मोडून घेतली होती.

"अगं मग सांग ना त्या दाढीवाल्याला, पुन्हा बंद कर म्हणावं!"

"आता हात लावला तर सगळं पहिल्यापासून चालू करावं लागेल. पाहुणे खेळायला बसलेत, बाबा. आणि ते लिफ्टकडेच निघालेत." तिने फोन ठेवला. रडू आवरत होती, हे त्यांना न सांगता कळलं.

तपासनिसांनी लिफ्ट खाली आणली, कानाला बोलण्याचं यंत्र लावलं आणि पडद्यावरच्या आपल्या माणसाला बटणांच्या फळीला पाठ लावून उभं केलं. दार उघडलं. चकचकीत चिलखतातली तीन माणसं आत शिरली.

"वा, लिफ्ट मस्त आहे!" एक जाड आवाज म्हणाला. "सरळ वरच जाऊ. नऊ दाबा."

"नऊ बंद आहे," तपासनीस म्हणाले.

"हे बोलतं!" एक बाई आनंदाने म्हणाली. "का हो, बंद का?"

"तपासणी बाकी आहे."

"बटणाचा दिवा तर लागलेला दिसतोय."

"दिवा लागला म्हणजे लिफ्ट झाली? दिवा काय, घुबडाच्याही डोळ्यांत दिसतो!" तपासनिसांचे कान तापले होते. उभ्या हयातीत त्यांनी चालू लिफ्ट बंद आहे असं कधी सांगितलं नव्हतं. खोटं बोलण्याची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की त्यांना राग यायचा. "आणि तिघं एकदम का घुसलात? वजन किती त्या चिलखताचं? बंदुका आडव्या धरू नका, दारात अडकतात. अडकलं की बोंब मारणार, लिफ्ट वाईट!"

तिघेही खदखदून हसले. "तपासणी कोण करणार?" जाड आवाजाने विचारलं.

"मी."

"कधी?"

"तुम्ही माझं डोकं खायचं थांबलात की!"

तिसऱ्याने त्यांच्यापुढे एक झगमगती तलवार धरली. "ही घ्या आणि जाऊ द्या ना वर."

"लाच? मला?" तपासनिसांचा आवाज असा चढला, की पत्नी ओल्या हातांनी बाहेर आली. "बत्तीस वर्षांत कोणाचा पेढा खाल्ला नाही मी, आणि तुम्ही मला सुरी दाखवता? आत्ताच्या आत्ता सातव्या मजल्यावर उतरा! तिकडे युद्ध खोळंबलंय!"

तिघं सातवर उतरली. युद्ध पेटलं. पण दर दहा मिनिटांनी ती युद्ध टाकून पुन्हा लिफ्टपाशी येत, नवी सबब सांगत आणि शिव्या खाऊन परत जात. साडेपाचला पाहुणे उठले, तेव्हा तपासनिसांचा घसा बसला होता. नऊचं बटण कोणी दाबलं नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात गुणगुणणं ऐकू आलं. सून आत आली, चपलाही न काढता सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "पास झालो, बाबा. पुढच्या महिन्यात येतोय खेळ. आणि सगळ्यात जास्त काय आवडलं असेल त्यांना? लिफ्टमधला म्हातारा!"

"म्हातारा कोण?" तपासनीस घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही खरे आहात हे त्यांना कळलंच नाही. त्यांना वाटलं, आम्हीच बनवलेलं पात्र. मालकांनी काही सांगितलं नाही. आता तसं पात्र आम्हाला बनवावं लागणार, तुमच्यावरून." तिने पिशवीतून कागद काढला. "हा त्यांचा अभिप्राय. दुकानदार, पाऊस, कशालाही नाव ठेवलं नाहीये. सुधारणा एकच सांगितली आहे."

तपासनिसांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला घेतलं. "'लिफ्टमधील वृद्ध कर्मचारी फार करमणूक करतो, परंतु मुळीच खरा वाटत नाही. इतका हेकट आणि चिडखोर माणूस प्रत्यक्षात असू शकत नाही. प्रकाशनापूर्वी त्यास थोडे मऊ करावे.'"

"खरा वाटत नाही? मी? असू शकत नाही म्हणजे काय? यांनी किती लिफ्ट तपासल्यात आयुष्यात? अशा माणसांच्या हातात–"

पत्नीने त्यांच्या हातातून कागद घेतला, उजेडात धरून नीट वाचला आणि सुनेला परत दिला.

"लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माहेरी पत्र लिहिलं होतं," ती म्हणाली. "त्यांनाही खरं वाटलं नव्हतं."