एकतर्फी सुटका

पाण्याचे पंप बसविणाऱ्या एका अभियंत्यास डोंगरातील बंडखोरांनी ओलीस धरले, आणि त्याच्या सुटकेसाठी तीन राष्ट्रांची सैन्ये एका छावणीत एकत्र आली. त्याच्या पत्नीस मोठ्या आदराने प्रतीक्षागृहात बसविण्यात आले. खुर्ची मऊ होती. तिच्या जिवाला मात्र थारा नव्हता. 'शुभस्य शीघ्रम्' हे वचन तिन्ही राष्ट्रांस मान्य होते. शीघ्र म्हणजे किती शीघ्र, याविषयी उपसमिती बसली होती.

समन्वय अधिकारी बाहेर आले. "वहिनी, आनंदाची बातमी! कारवाई करावी, यावर एकमत झालं."

"मग निघाले का जवान?"

"निघतील हो! एक सैन्य दार लाथेनं उघडतं, दुसरं सुरुंगानं. तिसऱ्याच्या नियमात आधी दार ठोठावणं बंधनकारक आहे. तेवढंच अडलंय."

"आणि माझा नवरा?"

"तो विषय 'इतर' या सदरात घेतलाय."

अखेर सहमती झाली. तिन्ही सेनापतींनी ती पत्रकारांपुढे नकाशासह जाहीर केली. रेडिओवर ती ऐकताच बंडखोरांनी पोबारा केला. अभियंता उघड्या दारातून निघाला, आणि डोंगर उतरून, धुळीने माखलेला, छावणीत येऊन उभा राहिला.

पत्नीने त्याचा हात जो धरला, तो सोडीना.

अधिकाऱ्यांचा चेहरा मात्र पडला. "अहो साहेब, हे काय केलंत? एकतर्फी सुटलात? मित्रराष्ट्रांना मी काय तोंड दाखवू? कृपा करून परत जाऊन बसा. उद्या आम्ही येतोच आहोत."

"जळली मेली तुमची कारवाई!" पत्नी कडाडली. "चला हो घरी."

फाटकाबाहेर अफाट लोकसमुदाय उद्याच्या कारवाईच्या थेट प्रक्षेपणासाठी भल्यामोठ्या पडद्यासमोर जागा धरून बसला होता.

"मंडळी, मी सुटलो!" अभियंता हर्षाने म्हणाला.

"खाली बसा हो, मागच्यांना दिसत नाही!"

इतक्यात कोणीतरी त्यास ओळखले. "अरे, हाच तो ओलीस! हा इथे, तर उद्या आम्ही पाहायचं काय?"

प्रश्न रास्त होता. जयजयकारात अभियंत्यास खांद्यावर घेऊन लोक डोंगराकडे निघाले. पत्नी आक्रोश करीत मागे धावली. तेव्हा "ताई, जरा बाजूला व्हा, चित्रीकरणात मधे येताय," असे तिला अत्यंत सौजन्याने सांगणारे, वाचकहो, आपणच होतो.