बाईसाहेबांचा उजवा पाय

बाईसाहेब लंगडत आहेत, ही गोष्ट सर्वप्रथम शर्यत मंडळाच्या घोडेडॉक्टरांच्या लक्षात आली आणि त्यांनी ती तातडीने कोणालाही सांगितली नाही. बाईसाहेब म्हणजे मंडळाची अजिंक्य घोडी. तिच्या नावाचा साबण निघाला होता, एका चौकाचे नामकरण झाले होते आणि मंडळाचा सगळा डोलारा तिच्या चार पायांवर उभा होता. त्यातला एक गेला तर काय करायचे, हे डॉक्टरांना कॉलेजात शिकवलेले नव्हते.

शेवटी मनाचा हिय्या करून ते अध्यक्षांच्या खोलीत शिरले.

"साहेब, पुढच्या उजव्या पायाची शीर सुजलीय. विश्रांती हवी, नाहीतर पाय कायमचा जाईल."

"लोकांनी तिकिटं काढलीत, डॉक्टर. लंगडतात असं म्हणू नका. दुसरं काहीतरी म्हणा."

डॉक्टरांना नोकरी होती, घर होते आणि घरात बायको होती. त्यांनी दुसरे काहीतरी म्हटले. लंगडण्याला 'विजयी लय' असे अधिकृत नाव मिळाले.

पुढच्या शर्यतीत बाईसाहेब विजयी लयीत धावल्या आणि थोडक्यात का होईना, जिंकल्या. बाकीच्या तबेल्यांची झोप उडाली. आपले घोडे सरळ धावतात म्हणूनच हरतात, हे आता उघड होते. घोड्यांच्या नालाखाली खडा बसवून लय शिकवणे सुरू झाले. मंडळाने नियमच काढला, लयहीन घोड्यास प्रवेश नाही. मग प्रेक्षक लंगडू लागले. शाळांतली कवायत लयीत होऊ लागली. एक टपालवाला लहानपणापासून लंगडायचा, त्याला लोक म्हणाले, "जमत नाही तर करता कशाला?"

"अहो, तुम्ही स्वयंपाकघरातसुद्धा लंगडता," डॉक्टरांची बायको म्हणाली. "घरात कोण बघतंय?"

"सवय मोडली तर ऑफिसात पंचाईत होते गं."

पण बाईसाहेबांचा तो पाय डॉक्टरांच्या जिवाला लागून राहिला होता. सूज रोज वाढत होती आणि ती बिचारी घोडी त्यांच्याच खांद्यावर मान टाकून उभी राहायची. त्यांनी 'लय-संवर्धन' नावाची योजना मांडली. तिच्यात गार पाण्याच्या पट्ट्या आणि सक्तीची विश्रांती होती. संवर्धन म्हटल्यावर अध्यक्षांनी पुढचे ऐकलेच नाही, मंजुरी देऊन टाकली.

नव्या हंगामात बाईसाहेब मैदानात उतरल्या त्या डौलात, अगदी सरळ. प्रेक्षकांनी दुर्बिणी पुसून पुन्हा पाहिले. मग कोणीतरी ओरडले, "तोतया आहे ही!" मंडळाची बैठक तिथल्या तिथे भरली.

"हा काय दोष शिरला, डॉक्टर? दुरुस्त करा." अध्यक्षांनी खिशातून एक खडा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी खड्याकडे पाहिले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना राग आला. भीतीही वाटली, नेहमीएवढीच.

"असाध्य आहे, साहेब," ते म्हणाले. "शिवाय संसर्गजन्य. बाकीचे घोडेही सरळ चालायला लागतील."

अध्यक्षांनी खुर्ची मागे सरकवली. बाईसाहेबांची त्याच दिवशी दूरच्या कुरणात रवानगी झाली. गाडीतून उतरताच त्या अशा काही उधळल्या, की कुंपणापाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना रडू आले. मग डोळे पुसून ते घरी निघाले, लंगडतच, कारण रस्त्यावर लोक होते.

आपण हसलात, बरे वाटले. आता उठाल, तेव्हा कोणी बघत नाही ना याची खात्री करून चार पावले सरळ टाकून पाहा. जमलेच, तर बाहेर बोलू नका. आपल्यालाही कोणीतरी दुरुस्त करायला येईल.